बिल माझं, रिपोर्ट त्याचा

“मॅडम, आप गाडी चलाती हैं?”

फोनवरच्या बाईने हे विचारलं आणि आमच्या हॉलमध्ये मिसळ खात बसलेल्या सगळ्यांचे चमचे थांबले. माझा फोन कायम स्पीकरवर असतो. कानाला लावला तर मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर ठेवला तर घरात कुणाला ऐकू यायचं राहत नाही.

“मैं?” मी म्हटलं. “मैं कायको चलाएगी?”

माझं वय चौऱ्याहत्तर. गाडी सोडा, मी कधी सायकलसुद्धा चालवलेली नाही.

“मॅडम, आपके क्लेम के साथ जो रिपोर्ट आयी है, उसमें लिखा है कि ऑफिस जाते वक्त हायवे पर आपका दिल घबराता है, हाथ सुन्न हो जाते हैं. हमें सिर्फ कन्फर्म करना है कि पेशंट आप ही हैं. ये कॉल रेकॉर्ड हो रही है.”

समोर माझा मुलगा बसला होता. पाव रश्श्यात बुडवून वर काढलेला, आणि हात तसाच अधांतरी. रस्सा त्याच्या शर्टावर ठिबकत होता, त्याचं भान नव्हतं. त्याच्या शेजारी त्याच्याच कंपनीतले ॲडमिनसाहेब. ते आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरीही आहेत. म्हणजे माणसाची रजा, व्हिसा, इन्शुरन्स आणि दिवाळी पहाटेला गाणं म्हणायची पाळी, सगळं एकाच माणसाच्या हातात. त्या दिवशी दिवाळी पहाटेचीच मीटिंग आमच्या घरी होती. साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि मान माझ्याकडे वळवली.

पेशंट मी नव्हते. पेशंट पाव धरून बसला होता. ते आम्हा घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हो म्हटलं तर मी रेकॉर्डवर खोटं बोलणार, नाही म्हटलं तर मुलाचं बिंग त्याच्या ॲडमिनसाहेबांसमोर फुटणार.

मी काय बोलले ते सांगते. पण हा घोळ झाला कसा ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल की इन्शुरन्सवाल्यांचीच चूक. त्यांच्या चुका पुढे येतीलच.

माझा मुलगा हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत आहे. बंदरातून माल सुटायचा तर कागद लागतात, ते कागद तपासायचं काम त्याचं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कंटेनर अडकून पडतो. म्हणून हा वीस वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका शोधतो आणि त्याचा पगार घेतो. आम्ही राहतो दुबईत, अल मनखूलला. तिथून शारजा, अजमान ओलांडून रोज जायचं आणि संध्याकाळी सगळी दुनिया घरी निघालेली असताना त्याच रस्त्याने परत यायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याने गाडी हायवेच्या कडेला घेतली आणि तो तिथेच बसून राहिला. दिवे लुकलुकते ठेवले. ऑफिसला फोन नाही, घरी फोन नाही. शेवटी पोलीस आले. इथले पोलीस आधी सलाम करतात, मग विचारतात. त्यांनी विचारलं, गाडी बंद पडली का? हा म्हणाला, गाडी ठीक आहे, मी बंद पडलोय. त्यांनी त्याला पाण्याची बाटली दिली आणि तो जरा सावरेपर्यंत गाडीमागे थांबले. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा सून हसली. मी हसले नाही. गंमत सांगणारा माणूस असा पांढरा पडलेला नसतो.

पुढचं त्याने मला एकटीला सांगितलं. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते.

“आई, बाजूने मोठा ट्रेलर गेला ना, की हात तिकडे वळतो.”

“तू वळवतोस?”

“मी नाही वळवत. वळतो.”

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, “डॉक्टर गाठ.”

“कसला डॉक्टर?”

“हात वळतो त्याचा.”

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मनाचे आजार किती आणि त्यांची नावं काय ते मला माहीत नाही. पण सकाळी गाडी घेऊन गेलेला मुलगा संध्याकाळी परत आला पाहिजे, एवढं कळायला चौथी पुरते. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं.

सुनेने फोनवर शोधून एक सायकॉलॉजिस्ट काढली. मुलाच्या अटी अशा: बाई मराठी नको. क्लिनिक करामा-मनखूलमध्ये नको, तिथे निम्मं मंडळ राहतं. पार्किंग मागच्या बाजूला हवं. आणि कुठेही त्याचं नाव नको. एवढ्या अटी त्याने लग्नाच्या वेळी मुलगी बघतानाही घातल्या नव्हत्या. मल्याळी बाई मिळाली, क्लिनिक लांब मिळालं, पार्किंग मिळालं. अडलं नावावर. फाइल काढायची तर इथे ओळखपत्र मशीनमध्ये घालावं लागतं. मग आमच्या हुशार माणसाने युक्ती काढली.

“आई, तुझं कार्ड दे. तू पेशंट. मी तुला घेऊन आलोय.”

“मला काय झालंय?”

“तुला झोप लागत नाही.”

“मला बसल्या जागी लागते.”

“आई, प्लीज!”

मी कार्ड दिलं. म्हातारीच्या डोक्यात बिघाड झाला तर कुणाचं काही अडत नाही. तिची नोकरी जात नाही, तिचं प्रमोशन थांबत नाही, तिच्या मुलीचं लग्न मोडत नाही. उलट मुलाची वाहवा होते, किती करतो हो आईचं! घरातला कर्ता पुरुष घाबरतो म्हटलं तर मात्र सगळ्यांना एकदम त्याच्या पगाराची काळजी वाटायला लागते.

क्लिनिकात आम्ही दोघं आत गेलो. मऊ खुर्च्या, कोपऱ्यात रोप, टेबलावर टिश्यूचा डबा. बाई पोरसवदा होती, पण डोळे शांत. तिने डबा माझ्यापुढे सरकवला आणि हिंदीत विचारलं, “अम्मा, नींद कैसी है?”

“एकदम अच्छी.”

मुलाने मला पायाने डिवचलं.

“भूख लगती है?”

“बराबर लगती है.”

“कभी बिना कारण रोना आता है?”

“कारण होके भी नहीं आता.”

बाईने पेन खाली ठेवलं. “तो अम्मा, आप आयी क्यों हैं?”

“ये लाया,” मी म्हटलं.

तिने मुलाकडे बघितलं. नुसतं बघितलं, काही विचारलं नाही. आणि माझा सहा फुटी मुलगा, ज्याला वडील गेले तेव्हाही मी रडताना पाहिलं नव्हतं, तो ओंजळीत तोंड लपवून हमसून रडायला लागला. बाईने टिश्यूचा डबा माझ्यापुढून उचलून त्याच्यापुढे ठेवला. तेवढ्यात तिचं निदान झालं असावं. मला म्हणाली, “अम्मा, आप बाहर बैठिए.” मी बाहेर बसले. तिथे चहा फुकट होता.

निघताना तिने त्याला स्पष्ट सांगितलं, पुढच्या वेळेपासून फाइल तुमच्या नावाची, नाहीतर मी बघणार नाही. त्याने मान्य केलं. पण पहिल्या दिवसाचं बिल रिसेप्शनवर माझ्या नावाने आधीच फाडलेलं होतं. ते तसंच राहिलं.

आता दर मंगळवारी ऑफिसातून लवकर निघायचं तर कारण हवं. त्याने ॲडमिनसाहेबांना सांगितलं, आईला डॉक्टरकडे न्यावं लागतं. कसला डॉक्टर? मनाचा. साहेबांनी हे फक्त त्यांच्या बायकोला सांगितलं. बायकोनेही फक्त मंडळातल्या बायकांनाच सांगितलं.

मग माझं कोडकौतुक सुरू झालं. एकीने जपाची माळ आणून दिली. एकीने नाकपुड्या धरून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मी साठ वर्षं चुलीपुढे आणि गॅसपुढे फुकटच श्वास घेत होते. सगळ्या माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागल्या, जणू मी नुकतीच जन्मले आहे. साहेबांची बायको दर वेळी माझा हात हातात घेऊन विचारायची, “काकू, मला ओळखलंत ना?”

“तुला कोण ओळखणार नाही?” मी म्हणायचे.

त्या मिसळीच्या दिवशी सकाळी ती मदतीला लवकर आली होती. मी कांदा चिरत होते. तिने माझ्या हातातली सुरी हळूच काढून घेतली. “राहू द्या काकू, मी चिरते.” मला आधी वाटलं माझ्या वयाची कीव आली. मग बघितलं तर ती घरातल्या बाकीच्या सुऱ्याही वरच्या कपाटात ठेवत होती. आणि तिने चिरलेला कांदा एवढा जाड होता, की मिसळीत तो भजीसारखा तरंगत होता.

नात आमची अकरावीत आहे. इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती एकदा मला म्हणाली, “आजी, दे ऑल थिंक यू आर क्रेझी. इज दॅट ओके विथ यू?”

“मला चालतंय.”

“बट व्हाय यू?”

“कारण मला कुणी नोकरीवरून काढू शकत नाही.”

तिने मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “दॅट्स सॅड,” म्हणाली. सॅड म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी तिला डाळ निवडायला बसवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मला वेडी म्हणा, काहीही म्हणा, मुलगा जात होता ना! त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग यायला लागला होता. पण एका गुरुवारी जेवताना तो म्हणाला, “आता पुढच्या मंगळवारपासून बंद.”

“काय बंद?”

“सेशन. खलास. बरं वाटतंय मला.”

“तुला बरं वाटतंय?”

“आणि एका वेळचे चारशे दिरहम जातात. म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये. एका तासाच्या गप्पांचे!”

सून म्हणाली, “अहो, पण तुमच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये मिळतात की परत.”

मिळत होते. पण क्लेमच्या कागदावर पेशंटचं नाव लिहावं लागतं आणि कंपनीचा शिक्का लागतो. शिक्का ॲडमिनसाहेबांच्या खणात. म्हणजे साहेबांना कळू नये म्हणून क्लेम करायचा नाही, क्लेम नाही म्हणून परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून बरं वाटतंय. असा हा बरा झालेला माणूस. सुनेने मला मागाहून हळूच सांगितलं, हल्ली हे हायवेने जातच नाहीत, आतल्या गल्लीबोळांतून जातात, तासभर जास्त लागतो. ट्रेलर टाळण्यासाठी. बरा झालेला माणूस ट्रेलरला कशाला घाबरेल?

मी त्याला समजावलं. ओरडले. त्याने ऐकलं नाही. फक्त एक केलं. माझ्या नावाचं ते पहिलं बिल त्याच्याकडे पडून होतं. माझा व्हिसा त्याच्यावर आहे, म्हणजे मी इथे त्याच्या जबाबदारीवर राहते, आणि त्याने माझ्यासाठी वेगळा इन्शुरन्स घेतलेला आहे. तिथे कंपनीचा शिक्का लागत नाही, मोबाइलवरून फोटो पाठवला की झालं. निदान तेवढे तरी सुटतील म्हणून त्याने क्लिनिकातून रिपोर्ट मागवला. रिसेप्शनवरच्या मुलीने बिल माझं आणि रिपोर्ट त्याचा, दोन्हींना एकच पिन मारून दिली. आणि वीस वर्षं लोकांचे कागद तपासणाऱ्या माझ्या मुलाने ते न वाचता पाठवून दिले. बेफिकिरीने नव्हे. आपल्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचायचा त्याला धीर होत नव्हता, म्हणून.

तर आता तो फोन.

“मॅडम? आप लाइन पर हैं?”

मी मुलाकडे बघितलं. त्याने मान अगदी थोडी हलवली. हो म्हण, अशी. मला तेव्हा एकच दिसत होतं. मी हो म्हटलं तर आजचं निभावेल, मंगळवार बंदच राहील, आणि हा आतल्या रस्त्यांनी जाता जाता एक दिवस उशीर झाला म्हणून परत हायवेला लागेल. लोक बोलतील त्याने माणूस मरत नाही. ट्रेलरखाली मरतो.

म्हणून मी जे बोलले ते जाणूनबुजून बोलले. पुढे सगळ्यांनी आपापल्या सोयीने अर्थ लावले, पण माझी जीभ घसरली नव्हती.

“नहीं बेटी,” मी म्हटलं. “मैं गाडी नहीं चलाती. गाडी मेरा लडका चलाता है. घबराट उसको होता है. बिल मेरा है, रिपोर्ट उसका है. तुम लोगों ने दोनों को एक पिन मारा.”

“मॅडम, पिन हमने नहीं मारी.”

“किसने भी मारी हो. पेशंट मेरा लडका है.”

“तो फिर मॅडम, ये क्लेम रिजेक्ट करना पडेगा.”

“कर दो. खलास.”

“और कोई सहायता, मॅडम?”

“इधर बारा लोग मिसळ खा रहे थे, सब रुक गये. उनको बोलो खाने को.”

तिने फोन ठेवला. ती हसली की नाही ते रेकॉर्डवर असेल.

मुलगा उठला आणि बाथरूममध्ये गेला. सून जग घेऊन ज्यांचे ग्लास भरलेले होते त्यांच्याच ग्लासात पाणी ओतायला लागली. ॲडमिनसाहेब घसा साफ करून म्हणाले, “तर मग, हॉलचं भाडं यंदा थोडं वाढलंय,” आणि सगळे त्या भाड्यावर असे तुटून पडले, जणू त्यासाठीच जन्म घेतला होता. त्यांची बायको माझ्याजवळ सरकली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “काकू, होतं असं कधीकधी. आपल्याला जे होतंय ते आपल्या माणसाला होतंय असं वाटतं.”

बघा. खरं सांगितलं तर ते पटायलाही माणूस शहाणा लागतो.

सगळे गेल्यावर मुलगा बाहेर आला.

“माझी नोकरी गेली समज,” तो म्हणाला. “वीस वर्षं आई! वीस वर्षं! मिसळीबरोबर खाल्लीस.”

“गेली तर दुसरी शोध.”

“या वयात?”

“या वयात जिवंत माणसाला नोकरी मिळणं कठीण, मेलेल्याला त्याहून कठीण.”

त्याने समोरची खुर्ची ढकलली. नात दारातून म्हणाली, “पप्पा, शी इज नॉट राँग,” तर तिच्यावरही ओरडला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. ताट समोर आलं की जेवायचा, माझ्याकडे न बघता. मला समजूत काढता येत नाही, मी वरण वाढते.

मंगळवारी संध्याकाळी तो उशिरा आला. सुनेने विचारलं, कुठे होतात? तर म्हणाला, क्लिनिकात.

“बंद केलं होतं ना?”

“मला आईबद्दल बोलायचं होतं.”

माझ्याबद्दल तक्रार करायला म्हणून गेला होता. त्याला ती नीट मांडायला एक तास पुरला नाही, म्हणून पुढच्या मंगळवारचीही वेळ घेऊन आला. घेऊ दे. माझ्याबद्दलची तक्रार त्याला अजून बरीच वर्षं पुरेल एवढी आहे.

ऑफिसात काय झालं, तर काहीच झालं नाही. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. हा राजीनाम्याचं वाक्य जुळवून गेला होता. साहेब बराच वेळ टेबलावरचा शिक्का पुसत बसले. मग म्हणाले, “ती बाई… चांगली आहे का? म्हणजे, बाहेर कुठे बोलत नाही ना?”

“नाही बोलत. का?”

“आमच्या आईला जरा त्रास आहे. झोपेचा.”

साहेबांची आई पुण्याला असते. ती दुबईला एकदाही आलेली नाही. मुलाने नंबर लिहून दिला. साहेबांनी त्याच्या क्लेमवर शिक्का मारला, आणि तो इतक्या जोरात मारला, की मागच्या कागदावरही उठला.

कंपनीच्या मालकाला तर या सगळ्याचा पत्ताही नव्हता. त्याला फक्त माल वेळेवर सुटायला हवा.

पुढच्या महिन्याभरात मला फोन यायला लागले. काकू, तुम्ही जात होतात त्या बाईंचा नंबर द्याल? आमच्या आईसाठी. आमच्या सासूबाईंसाठी. एकाने तर आजीसाठी मागितला, आजी वारलेली आहे हे मला माहीत होतं. सगळे मॅनेजर, सगळे इंजिनिअर, बँकेतले एक दोघं. ऐकून वाटावं, मंडळातल्या पुरुषांच्या आया एकाच वर्षी एकदम बिघडल्या. मी प्रत्येकाला नंबर दिला आणि सांगितलं, “फाइल स्वतःच्या नावाने काढ. आईचं कार्ड घेऊन जाऊ नको. ती बाई डबा लगेच तुझ्याकडे सरकवते.”

“कसला डबा काकू?”

“गेलास की कळेल.”

आता इन्शुरन्सवाल्यांचं. शिक्का मिळाला, नाव खरं, रिपोर्ट खरा. क्लेम गेला आणि परत आला. कारण, आधी मोठ्या मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी हवी, मगच लहान बाईकडे गेलेलं चालतं. हा मोठ्या डॉक्टरकडे गेला. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि चिठ्ठी दिली, त्या बाईकडे जा म्हणून. ती चिठ्ठी जोडून परत पाठवलं, परत आलं. का, तर चिठ्ठीवरची तारीख बाईकडे गेल्यानंतरची आहे. मग पुढच्या तारखांचे क्लेम पाठवले. तर शिक्का पुसट आहे. तो मागच्या कागदापर्यंत उठलेला शिक्का यांना पुसट!

शेवटी एक पत्र आलं. त्यात माझ्या मुलाला ‘डिअर मॅडम’ लिहिलं होतं, आणि पॉलिसीचा नंबर माझा होता. त्याने ते पत्र वाचलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. लोकांच्या कागदांतली चूक शोधणं हाच त्याचा धंदा. तो टेबलाशी बसला, चष्मा लावला, आधीची सगळी पत्रं काढली आणि त्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. मग फोन लावला.

“नो, माय फ्रेंड, यू लिसन टू मी नाऊ,” असं तो मोठ्याने बोलत होता. बाल्कनीतली कबुतरं उडाली. कितीतरी महिन्यांनी त्याचा तसा आवाज ऐकला. सून मला म्हणाली, “आई, बीपी वाढेल यांचं.” मी म्हटलं, “वाढू दे. तेही क्लेममध्ये बसेल.”

त्या बाईकडेही त्याने एक सबंध सेशन या क्लेमबद्दलच बोलून काढलं. ते क्लेम नाकारतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं, रात्री काय आठवतं, छातीत कुठे दुखतं, सगळं. बाईने लिहून घेतलं. मग त्याने त्या सेशनचाही क्लेम केला. तो मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. का, ते इन्शुरन्सवाल्यांनाच माहीत.

बाकीचे काही मिळाले, काही बुडाले. मंगळवार मात्र चालू राहिला. हिवाळा सुरू झाला तेव्हा एक दिवस तो नेहमीपेक्षा लवकर घरी आला. मी विचारलं, लवकर कसा? तो बूट काढत म्हणाला, “हायवेने आलो.” तेवढंच. मी चहा टाकला. त्याने चहात बिस्कीट बुडवलं, ते मोडून आत पडलं, आणि तो चमच्याने ते शोधत बसला. आमच्यात जे काही बोलणं व्हायचं होतं ते असंच झालं.

मंडळात अजूनही अर्ध्या लोकांचा समज पक्का आहे, की म्हातारीला भ्रम झाला होता आणि ती तो मुलावर ढकलत होती. ज्यांनी नंबर नेले तेही चारचौघांत हेच म्हणतात. परवा एका नव्या आलेल्या मुलीला साहेबांच्या बायकोने माझी ओळख करून दिली, “या काकू. किती मोठ्या आजारातून उठल्यात!” ती पोरगी माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. मला काय, पाया पडतंय तोवर पडू दे.

पण मी हे लिहायला घेतलं तेव्हा मुलाला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, “लिही. नाव नको टाकू कुणाचं.” नाव टाकलेलं नाही. आजारी मी नव्हते. आजारी माझा मुलगा होता, त्यातून उठला तोच, आणि तो जिवंत आहे.